अक्षर आणि उच्चार : इंग्रजीच्या पहिल्या पाठांसंबंधी काही विचार

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही शाळेच्या फळ्यावर वर्धा, आर्वी, देवळी आणि पवनार ही चार नावे देवनागरीत लिहावी, आणि त्यांच्या शेजारी तीच नावे नकाशांत व पाट्यांवर आढळतात त्याप्रमाणे रोमन लिपीत लिहावी. चारही नावांत 'व' हा एकच वर्ण आहे, आणि मुलांच्या तोंडी त्याचा उच्चारही जवळजवळ एकच आहे. परंतु रोमन लिपीत वर्ध्याचा 'व' डब्ल्यू या अक्षराने लिहिला जातो, आर्वीचा व्ही या अक्षराने, देवळीचा ओ या अक्षराने, आणि पवनारचा बहुधा यू या अक्षराने. सेवाग्रामच्या नावात तर कोठे व्ही दिसतो, कोठे डब्ल्यू. चौथीतील चौकस मुलाने यावर प्रश्न केला की, एकाच 'व'साठी इतकी निरनिराळी अक्षरे का, तर तो प्रश्न बाजूस सारण्याजोगा नाही. इंग्रजीच्या उच्चारांचा पहिला पाठ त्याच प्रश्नात आहे. अक्षर म्हणजे ध्वनी नव्हे. अक्षर ही ध्वनीची केवळ खूण होय. मराठीत ही खूण बहुतांशी विश्वासू आहे, इंग्रजीत ती तशी नाही.

ही गोष्ट शिक्षकाच्या मनात पक्की नसेल, तर इंग्रजीचे सर्व पुढील शिक्षण लंगडे राहते. प्राथमिक शाळेतील मूल इंग्रजी शब्द प्रथम डोळ्यांनी पाहते, मराठीच्या सवयीने तो अक्षरशः वाचते, आणि चुकते. चूक झाली की वर्गात हशा पिकतो. दोनचार वेळा असे घडले की ते मूल वाचावयास उभे राहणेच टाळू लागते. अर्थ समजतो, व्याकरण पाठ असते, परीक्षेत गुणही मिळतात. मात्र तोंड उघडत नाही. पुढे महाविद्यालयात अथवा नोकरीच्या मुलाखतीत हेच मौन त्याच्या आड येते. त्या मौनाचे मूळ पुष्कळदा पहिल्या दोन इयत्तांतील उच्चारशिक्षणाच्या अभावात सापडते. यास्तव प्रस्तुत पाठात इंग्रजी उच्चारांची मूलतत्त्वे, मराठी शाळेतील शिक्षकास उपयोगी पडतील अशा रीतीने, मांडली आहेत.

१. वर्ध्याचा विचार आणि इंग्रजी

वर्धा हे नाव भारताच्या शिक्षणाच्या इतिहासात मातृभाषेशी जोडले गेले आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तीतून पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि एखादा हस्तोद्योग हे केंद्र, ही त्या योजनेची प्रमुख अंगे होती. मॅट्रिकच्या परीक्षेतून इंग्रजी वजा करून त्यात उद्योगाची भर घालावी, असे त्या शिक्षणाच्या पातळीचे गणित होते.

काळ पालटला. २०००-२००१ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. तत्पूर्वी तो पाचवीपासून होता. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. परंतु वर्ध्याच्या योजनेतील एक तत्त्व येथेही लागू पडते. मुलाजवळ जे आहे तेथून आरंभ करावा, आणि जे शिकवावयाचे ते केवळ सांगून नव्हे तर कृतीने शिकवावे, हे ते तत्त्व. उच्चार ही कृतीच होय. ती जीभ, ओठ, दात व श्वास यांची हस्तकला आहे म्हणावयास हरकत नाही. आणि मुलाजवळ या कलेचे एक उत्तम साधन अगोदरच असते. ते म्हणजे मराठीची वर्णमाला.

२. वर्णमाला : हाताशी असलेला तक्ता

क ते म ही पंचवीस व्यंजने केवळ पाठांतराच्या सोयीसाठी एका क्रमाने मांडलेली नाहीत. 'क'वर्ग कंठाजवळ, 'च'वर्ग तालूजवळ, 'ट'वर्ग मूर्ध्याजवळ, 'त'वर्ग दातांजवळ आणि 'प'वर्ग ओठांवर उच्चारला जातो. तोंडाच्या आतून बाहेर येणारा हा मार्ग आहे. प्रत्येक वर्गात पहिली दोन व्यंजने कठोर, पुढील दोन मृदू, आणि पाचवे अनुनासिक. उच्चाराचे स्थान आणि उच्चाराचा प्रयत्न या दोन कसोट्यांवर ध्वनींची वर्गवारी करण्याची ही पद्धती प्राचीन भारतीय शिक्षाग्रंथांतून आली. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. सर विल्यम जोन्स यांनी ज्या भारतीय वैयाकरणांचा परिचय करून दिला, त्यांच्यावाचून एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पना करणे कठीण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आधुनिक ध्वनिशास्त्राचा उगमही शाळेच्या वर्गाशी निगडित आहे, ही गोष्ट शिक्षकांस उत्साह देणारी आहे. १८८६ मध्ये पॅरिस येथे ज्या मंडळींनी आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषदेचा पाया घातला, ते प्रामुख्याने भाषा शिकविणारे शिक्षक होते. डॅनिअल जोन्स यांचा प्रसिद्ध इंग्रजी उच्चारकोश १९१७ मध्ये निघाला. भारतात इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय संस्था स्थापन झाली. या सर्वांच्या मुळाशी एकच विचार आहे. परकी भाषेचा ध्वनी नुसता ऐकून साधतोच असे नाही; तो तोंडात कोठे व कसा निर्माण होतो हे समजले की तो लवकर साधतो.

३. सव्वीस अक्षरे, चव्वेचाळीस ध्वनी

इंग्रजीची अक्षरे सव्वीस आहेत. परंतु ब्रिटनमधील प्रमाण मानल्या गेलेल्या उच्चारपद्धतीत सुमारे चव्वेचाळीस ध्वनी मोजले जातात : चोवीस व्यंजने आणि वीस स्वर. अर्थातच एका अक्षरास अनेक ध्वनींचे ओझे वाहावे लागते. 'ए' हे पहिलेच अक्षर पाहावे. कॅट, केक, कार, बॉल आणि अबाउट या पाच शब्दांत ते अक्षर एकच आहे, पण पाचही ठिकाणी स्वर निराळा आहे. उलटपक्षी, 'क' हा एक ध्वनी कॅट या शब्दात सी या अक्षराने, काइट या शब्दात के या अक्षराने, तर क्वीन या शब्दात क्यू या अक्षराने लिहिला जातो.

असे का झाले याचेही कारण आहे. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये छापखाना सुरू केला, आणि त्यानंतर शब्दांची लेखनपद्धती हळूहळू स्थिर होत गेली. परंतु त्याच शतकांत लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते, आणि काही व्यंजने गळून पडत होती. नाइफ या शब्दाच्या आरंभी आज केवळ लिहिण्यापुरते उरलेले के हे अक्षर एके काळी उच्चारले जात असे. लेखन थांबले, उच्चार पुढे गेला. म्हणून इंग्रजीचे लेखन हे पुष्कळ ठिकाणी जुन्या उच्चाराची आठवण आहे, आजच्या उच्चाराचे चित्र नव्हे.

यावरून अक्षरांच्या नावांविषयीही सावधगिरी बाळगावी. मराठीत 'क' या अक्षराचे नाव व त्याचा ध्वनी एकच. इंग्रजीत तसे नाही. 'एच' या नावात 'ह' नाही आणि 'डब्ल्यू' या नावात 'व' नाही. जे मूल केवळ ए, बी, सी, डी घोकून वाचनाकडे वळते, ते बी-ए-टी अशी अक्षरे मोजते, पण बॅट हा शब्द त्यास सापडत नाही. म्हणून अक्षराच्या नावाबरोबरच, किंबहुना त्याच्या आधी, त्याचा नेहमीचा ध्वनी मुलाच्या कानी पडला पाहिजे.

४. व्यंजने : कोणती आधी शिकवावी

सर्व परके ध्वनी एकाच वेळी शिकविण्याचा हव्यास धरू नये. ज्या चुकीने अर्थ बदलतो ती आधी सुधारावी. जिच्यामुळे समजण्यास अडथळा येत नाही ती मागाहून पाहावी. या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

(अ) 'व' आणि 'व्ह'. मराठीत एकच 'व' आहे आणि तो या दोन इंग्रजी ध्वनींच्या मधोमध आहे. डब्ल्यूच्या ध्वनीसाठी दोन्ही ओठ शीळ घालताना होतात तसे गोल करावे. दात कोठेही लागू नयेत. व्हीच्या ध्वनीसाठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवावे आणि त्यांमधून सघोष वारा सतत बाहेर सोडावा. वाइन म्हणजे द्राक्षांचे मद्य, व्हाइन म्हणजे वेल. वेस्ट म्हणजे पश्चिम, व्हेस्ट म्हणजे बंडी. मराठीत हा भेद दाखविण्यासाठी 'व्ह' लिहिण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा आहे, परंतु 'जेव्हा' या शब्दातील हकार इंग्रजी ध्वनीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

(आ) 'स' आणि त्याचा मृदू जोडीदार. हा जोडीदार प्रस्तुत पाठात 'झ' या अक्षराने दर्शविला आहे. प्राइस म्हणजे किंमत, प्राइझ म्हणजे बक्षीस. आइस म्हणजे बर्फ, आइझ म्हणजे डोळे. मुलांस सापाप्रमाणे लांब 'स्स्स' काढावयास सांगावे, आणि तोंड जराही न हलविता भुंग्याचा आवाज करावयास सांगावे. गळ्यावर बोटे ठेवली असता दुसऱ्या आवाजाच्या वेळी कंप जाणवतो. 'जागा' या शब्दातील 'ज' या ध्वनीच्या जवळचा आहे. फरक इतकाच की, मराठीत जीभ आधी टेकते व मग सुटते, इंग्रजीत ती टेकतच नाही.

(इ) 'स' आणि 'श'. सी म्हणजे पाहणे, शी म्हणजे ती. ज्या घरी शाळेस 'साळा' म्हणतात, तेथील मुलास हा भेद कानांनी ओळखावयास थोडा अधिक सराव लागतो. तो खेळातून द्यावा.

(ई) 'फ'. मराठी 'फ' मध्ये दोन्ही ओठ मिटून फुटतात. इंग्रजी ध्वनीत ओठ मिटत नाहीत. व्हीप्रमाणेच दात खालच्या ओठावर येतात, पण आवाज कठोर असतो. फॅन, फूट, लीफ हे शब्द आरशात पाहून म्हणविले असता मुलांस फरक तत्काळ दिसतो.

(उ) 'थ' व 'द'. थिन, थँक, दिस, दॅट या शब्दांतील ध्वनी मराठी 'थ' व 'द' यांहून निराळे आहेत. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेशी अलगद ठेवून वारा अखंड वाहू द्यावयाचा असतो. तथापि, भारतात सर्वत्र मराठीप्रमाणेच दंत्य 'थ' व 'द' ऐकू येतात आणि ते समजतात. म्हणून यावर पहिल्या दोन वर्षांत भर देण्याचे कारण नाही. मात्र थ्री म्हणजे तीन आणि ट्री म्हणजे झाड यांची गल्लत होऊ देऊ नये.

(ऊ) 'ट' व 'ड'. मराठीत जीभ मागे वळून मूर्ध्यास लागते. इंग्रजीत तिचे टोक वरच्या दातांच्या मागील हिरडीच्या उंचवट्यास लागते, म्हणजे साधारणतः 'स' म्हणताना जेथे जाते तेथे. हा भेद अर्थ बिघडवीत नाही. वरच्या इयत्तांत तो दाखवावा.

(ए) शब्दाच्या आरंभीचे 'प', 'ट', 'क'. पेन, टॉप, कॅट या शब्दांत इंग्रज माणसाच्या तोंडून या ध्वनींबरोबर वाऱ्याचा एक झोत बाहेर पडतो. ओठांपुढे कागदाची अरुंद पट्टी धरावी. पट्टी हलली की ध्वनी साधला. हा झोत नसल्यास परक्या श्रोत्यास पॅकऐवजी बॅक ऐकू येण्याचा संभव असतो. आरंभी 'स' असेल तर मात्र, जसे स्पून या शब्दात, पट्टी हलता कामा नये.

५. स्वर : जेथे देवनागरी पुरी पडत नाही

मराठीने ॲ आणि ऑ ही दोन चिन्हे इंग्रजी शब्दांसाठीच स्वीकारली, आणि त्यामुळे बॅट व बॉल हे शब्द मराठी मूल सहज म्हणू शकते. कॅट, कट आणि कार्ट ही त्रयी, तसेच बेड म्हणजे खाट व बॅड म्हणजे वाईट ही जोडी, मराठी कानास फारशी अवघड नाही.

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घांची आहे. मराठीत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व बऱ्याच अंशी लेखनाच्या नियमांनी ठरते. बोलताना त्यावर अर्थ क्वचितच अवलंबून असतो. इंग्रजीत तो नित्य अवलंबून असतो. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. सिट म्हणजे बसणे, सीट म्हणजे बैठक. पुल म्हणजे ओढणे, पूल म्हणजे तलाव. येथे केवळ लांबीचा फरक नसतो. दीर्घ 'ई' म्हणताना ओठ अधिक ताणले जातात, ऱ्हस्व 'इ' म्हणताना ते सैल राहतात. हाही फरक आरशात दिसतो.

काही ठिकाणी देवनागरी दोन ध्वनींस एकच चिन्ह देते. लेखणी या अर्थाचा पेन आणि वेदना या अर्थाचा पेन मराठीत सारखेच लिहिले जातात. पहिल्यात आखूड 'ए' आहे. दुसऱ्यात 'ए'ने आरंभ होऊन आवाज 'इ'कडे सरकतो, जणू 'पेइन'. त्याचप्रमाणे बर्ड, गर्ल, नर्स यांतील स्वर मराठीत नाही. परंतु मराठीचा 'अ' तोंड फारसे न उघडता लांबविला, 'बऽऽड', की तो पुष्कळसा साधतो. सारांश, देवनागरी ही शिक्षकाच्या हातातील काठी आहे. मुलाने इंग्रजी शब्द कायमचे देवनागरीत लिहून पाठ करावे असा तिचा उपयोग नव्हे. ध्वनी कानांनी पोहोचवावा, आणि काठी वेळीच बाजूस ठेवावी.

६. आघात : शब्दाचा तोल

मराठी बोलताना शब्दातील सर्व अक्षरांवर साधारणतः सारखा जोर असतो, आणि जोर बदलल्याने अर्थ बदलत नाही. इंग्रजी शब्दात मात्र एका अवयवावर ठळक आघात असतो आणि उरलेले अवयव दबतात. डॉक्टर, टेबल, टीचर यांत तो पहिल्या अवयवावर आहे. पोलीस, हॉटेल, कमिटी यांत दुसऱ्यावर. इंजिनीयर या शब्दात अखेरच्या अवयवावर. हे सर्व शब्द मराठीत रुळलेले असल्याने मुलांच्या तोंडी ते मराठी तोलानेच येतात, आणि म्हणूनच ते तोल शिकविण्यास उत्तम आहेत. प्रेझेंट या शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर दिला तर भेटवस्तू असा अर्थ होतो. दुसऱ्यावर दिला तर सादर करणे असा.

दबलेल्या अवयवातील स्वर बहुधा मराठी 'अ'सारखा होतो. अबाउट या शब्दाचा आरंभ 'असा' या शब्दातील 'अ'ने होतो. मराठी मुलाच्या तोंडी जन्मतः असलेला हा स्वर इंग्रजीत सर्वांत अधिक वेळा येणारा स्वर आहे. आघात शिकविताना टाळीचा उपयोग करावा : जोराच्या अवयवावर मोठी टाळी, इतरांवर बोटांची हलकी टिचकी.

७. शब्दाच्या अखेरीचे दोन नियम

कठोर व मृदू वर्णांचा भेद जाणणाऱ्या शिक्षकास पुढील दोन नियम अत्यंत सोपे वाटतील, आणि त्यांनी मुलांच्या निम्म्या अडचणी दूर होतील.

पहिला नियम अनेकवचनाचा. शब्दाच्या अखेरीस कठोर ध्वनी असेल तर 'स' उच्चारावा : कॅट्स, बुक्स, कप्स. मृदू ध्वनी, अनुनासिक अथवा स्वर असेल तर 'झ' : डॉग्झ, पेन्झ, बॉइझ. अखेरीस स, झ, श, च किंवा ज असेल तर 'इझ' : बसिझ, ब्रशिझ, वॉचिझ.

दुसरा नियम भूतकाळाचा. लेखनात ई व डी ही दोन अक्षरे सर्वत्र दिसतात आणि मुले 'वॉकेड' असे वाचतात. कठोर ध्वनीनंतर 'ट' : वॉक्ट, वॉश्ट. मृदू ध्वनी वा स्वरानंतर 'ड' : कॉल्ड, प्लेड. मूळ धातूच्या अखेरीसच 'ट' अथवा 'ड' असेल तर 'इड' : वाँटिड, नीडिड.

सत् अधिक गुण यांचा सद्गुण होतो, हे वरच्या वर्गांतील मुले संधीच्या पाठात शिकतात. शेजारच्या वर्णाच्या संगतीने कठोराचा मृदू होणे हेच तत्त्व येथेही काम करते. असा दुवा दाखविल्यास मराठीचे व्याकरणही अधिक जिवंत वाटते.

८. पाठाची रूपरेषा

एका वेळी एकच ध्वनिभेद घ्यावा. वीस मिनिटे पुरेशी आहेत. 'व' व 'व्ह' यांचे उदाहरण घेऊ जाता पाठाच्या चार पायऱ्या अशा होतील.

पहिली पायरी, ऐकणे. पुस्तक मिटलेले असावे. शिक्षकाने वॉल, विंडो, वॉटर, वॉच हे शब्द वस्तूंकडे बोट दाखवून तीन वेळा म्हणावे. नंतर व्हॅन, व्हिलेज, व्हेजिटेबल हे शब्द चित्रे दाखवून म्हणावे.

दुसरी पायरी, ओळखणे. मुलांनी अद्याप बोलावयाचे नाही. गोल ओठांचा ध्वनी ऐकू आला तर उजवा हात, दातांचा ध्वनी ऐकू आला तर डावा हात वर करावा. जो भेद कानास कळत नाही, तो जिभेस साधत नाही. म्हणून ही पायरी कधीही गाळू नये.

तिसरी पायरी, बोलणे. प्रथम सर्व वर्गाने, मग रांगेने, मग जोडीजोडीने, आणि अखेर एकेकट्याने. एकेकट्याने बोलण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. तोपर्यंत भित्र्या मुलाचाही सराव झालेला असतो.

चौथी पायरी, वाचणे. आता शब्द फळ्यावर लिहावे, आणि कोणत्या अक्षराने कोणता ध्वनी दर्शविला आहे हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

ज्या शिक्षकास स्वतःच्या उच्चाराविषयी शंका असेल, त्याने पाठापूर्वी शब्द तपासून घ्यावे. आज चांगल्या शब्दकोशांतील उच्चार भ्रमणध्वनीवर प्रत्यक्ष ऐकता येतात. केंद्रपातळीवरील शिक्षण परिषदेत दहा मिनिटे अशा श्रवणास व परस्परांचे उच्चार तपासण्यास दिली, तर त्याचे फळ प्रत्येक शाळेस मिळेल. शिक्षकाने मुलांसमोर कोश उघडून 'हा शब्द पाहून घेऊ' असे म्हणण्यात कमीपणा नाही. उलट, मुले त्यातून शोधण्याची सवय उचलतात.

९. चूक, हशा आणि बोली

उच्चार सुधारताना मुलाचे वाक्य मध्येच तोडू नये. वाक्य पुरे झाल्यावर शिक्षकाने तो शब्द स्वतः शुद्ध म्हणावा आणि वर्गाकडून म्हणवून घ्यावा. चूक कोणाची होती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हसणाऱ्यांस शिक्षा करण्यापेक्षा, चूक ही शिकण्याची खूण आहे असे वातावरण वर्गात रुजवावे.

वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'कोण'चे 'कोन' होते, आणि 'डोळा'चा पुष्कळ ठिकाणी 'डोया' होतो. त्यावरून अशा मुलांची जीभ जड आहे व त्यांस इंग्रजी जमणार नाही, असा समज काही ठिकाणी आढळतो. हा समज निराधार आहे. इंग्रजीत स्वतंत्र 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. तेथे 'न' व 'ल' यांवरच काम चालते. ज्या बोलीस शहरी कान अशुद्ध म्हणतो, ती बोली इंग्रजीच्या या ध्वनींपुरती तरी कोणतीच अडचण निर्माण करीत नाही. घरची बोली, शाळेची प्रमाण मराठी आणि इंग्रजी या तिहींचे ध्वनी निरनिराळे आहेत, आणि मूल ते तिन्ही सांभाळू शकते, अशी शिक्षकाची दृष्टी असावी.

कोणते इंग्रजी शिकवावे हाही प्रश्न विचारला जातो. ज्या ब्रिटिश उच्चारपद्धतीस प्रमाण मानले गेले, ती खुद्द ब्रिटनमध्येही थोड्याच लोकांची आहे. कार या शब्दाच्या अखेरीचा 'र' तेथे गळतो, अमेरिकेत व स्कॉटलंडमध्ये तो उच्चारला जातो, भारतातही तो बहुधा उच्चारला जातो. यांपैकी कोणतीही रीत चूक नव्हे. मूल साहेबासारखे बोलावे हे प्राथमिक शाळेचे साध्य नाही. ते जे बोलेल ते नागपूरच्या, चेन्नईच्या वा लंडनच्या माणसास समजावे, आणि त्यांचे बोलणे यास समजावे, इतकेच साध्य आहे. आणि ते हिंगणघाटच्या, कारंज्याच्या किंवा समुद्रपूरच्या कोणत्याही शाळेत गाठता येण्याजोगे आहे.

१०. समारोप

खेड्यातील मुलास इंग्रजी ऐकण्याचे स्थान पुष्कळदा एकच असते, ते म्हणजे त्याचा शिक्षक. पुस्तक अक्षरे देते. ध्वनी शिक्षकाच्या तोंडून येतो. म्हणून अक्षराआधी ध्वनी, बोलण्याआधी ऐकणे, आणि परक्याआधी आपले, हा क्रम सोडू नये. वर्णमालेचा तक्ता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहेच. इंग्रजीच्या तासालाही शिक्षकाने त्याकडे बोट दाखवावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावाच्या व शेजारच्या पाच गावांच्या नावांचे रोमन लेखन पाहून, कोणत्या मराठी ध्वनीसाठी कोणती अक्षरे वापरली आहेत याची यादी करावी.

(२) आपल्या वर्गातील मुलांच्या उच्चारांतील पाच चुका नोंदवाव्या, आणि त्यांपैकी अर्थ बदलणाऱ्या कोणत्या व न बदलणाऱ्या कोणत्या, हे ठरवावे.

(३) मराठीत रुळलेले दहा इंग्रजी शब्द निवडून त्यांवरील आघाताचे स्थान कोशातून तपासावे आणि टाळ्यांचा पाठ तयार करावा.

(४) गेल्या महिन्यात इंग्रजीच्या तासाला एकदाही न बोललेली मुले कोणती, याचा विचार करावा, आणि त्यांस जोडीने बोलण्याची पहिली संधी कशी देता येईल ते ठरवावे.